बत्तिशीची इंग्रजी नावनिशी

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील मुलाला शरीरावयवांची नावे फार लवकर येतात. डोळा, कान, हात, पाय यांना इंग्रजीत काय म्हणतात हे बालवाडीतील मूलही त्या त्या अवयवावर बोट ठेवून सांगते, आणि एका दाताला 'टूथ' व अनेक दातांना 'टीथ' म्हणतात येथवर त्याची मजल सहज जाते. परंतु 'कोणता दात?' असा पुढचा प्रश्न केला की पदवीधरही अडखळतो. ज्या घरात कोणाची दाढ दुखू लागली म्हणजे लवंगेच्या तेलापासून शेजारच्या गावातील दंतवैद्यापर्यंत सर्व उपायांचा ऊहापोह होतो, त्याच घरात ती दाढ 'मोलर' की 'प्रीमोलर' एवढे सांगणारा माणूस सापडत नाही. याची अडचण दवाखान्यात भासते, कारण डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले तेव्हापासून आजतागायत या विद्येचा कारभार मुख्यतः इंग्रजीतच चालत आला आहे, आणि रुग्णाच्या हाती पडणारा कागदही त्याच भाषेत लिहिलेला असतो.

या नावांची घोकंपट्टी करण्याचा जो प्रघात शाळांतून पडला आहे तो मला मुळीच पसंत नाही. चार नावे, चार संख्या व चार कामे अशी रकान्या-रकान्यांतून पाठ केलेली माहिती परीक्षेच्या दिवशी हटकून उलटसुलट होते, आणि 'केनाइन' या नावापुढे दळण्याचे काम लिहून विद्यार्थी निर्धास्तपणे घरी येतो. म्हणून प्रथम क्रियापदे शिकावी व नामे मागाहून शिकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 'बाइट' म्हणजे चावा घेणे, 'कट' म्हणजे कापणे, 'टेअर' म्हणजे फाडणे, 'क्रश' म्हणजे भरडणे, 'ग्राइंड' म्हणजे दळणे, आणि तोंडातील घास गिळण्याजोगा होईपर्यंत ही जी सारी उलाढाल चालते तिला एकत्रितपणे 'चू' म्हणतात. हा 'च' चहातला उच्चारावा, चमच्यातला नव्हे. शास्त्रीय पुस्तकांत याच क्रियेला 'मॅस्टिकेशन' असे भारदस्त नाव आहे. येथे मराठी माणसाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे, ती अशी की, आपल्याकडे कुत्राही चावतो आणि घासही चावला जातो, पण इंग्रजीत कुत्र्याचे चावणे 'बाइट' होय व घासाचे चावणे 'चू' होय. ही दोन क्रियापदे परस्परांच्या जागी घातली तर वाक्याचा अर्थ मोठा विलक्षण होतो.

एवढी क्रियापदे ध्यानात आल्यावर आरशासमोर बसून एक पिकलेला पेरू, उसाचे एक कांडे आणि मूठभर फुटाणे क्रमाक्रमाने खावे, आणि प्रत्येक वेळी कोणता दात पुढे सरसावतो इकडे लक्ष ठेवावे. पेरूचा लचका तोडताना समोरच्या दातांखेरीज दुसऱ्या कोणाचेही सहाय्य लागत नाही. हे वरचे चार व खालचे चार मिळून आठ दात म्हणजे 'इन्सायझर' होत. मध्यावरील जोडीस 'सेंट्रल' व तिच्या बाजूच्या दातांस 'लॅटरल' हे विशेषण लावतात. लॅटिन भाषेतील कापणे या अर्थाच्या धातूपासून हे नाव सिद्ध झाले असून शस्त्रवैद्याने दिलेल्या छेदाला 'इन्सिजन' म्हणतात तो शब्दही त्याच कुळातला आहे. मराठीत आपण यांना पटाशीचे दात म्हणतो, आणि सुताराच्या पेटीतील पटाशी ज्याने हाताळली असेल त्याला हे नाव कसे पडले हे सांगावे लागत नाही, कारण पातळ, सपाट व सरळ धार हेच दोहींचे लक्षण आहे. निरोगी बत्तिशीत वरचे इन्सायझर खालच्यांच्या किंचित पुढे येतात, त्यामुळे तोंड मिटताना दोन्ही धारा समोरासमोर न आपटता एकमेकींना चाटून जातात व पदार्थ स्वच्छ कापला जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा नुकताच उगवलेला हा दात निरखून पाहिला तर त्याच्या कडेवर तीन बारीक उंचवटे दिसतात. दात करवती आला म्हणून पुष्कळ आया धसका घेतात, परंतु वरचे व खालचे दात परस्परांवर घासू लागले म्हणजे हे उंचवटे वर्षा-दोन वर्षांत आपोआप झिजून जातात. लेखनाच्या बाबतीत इतकेच सांगतो की, या शब्दातील पहिल्या 'स'साठी सी हे अक्षर येते आणि त्यानंतरचा 'झ' एस या अक्षराने लिहितात. उच्चार करताना जोर 'साय' या अवयवावर द्यावा.

उसाचे कांडे हाती घेतले की प्रसंग बदलतो. त्याची साल समोरच्या दातांनी निघत नाही. कांडे तोंडाच्या कोपऱ्याशी न्यावे लागते, आणि तेथे जो अणकुचीदार दात सालीत रुतून तिची पट्टी ओढून काढतो तो 'केनाइन', म्हणजे आपला सुळा. हे चारच असतात, प्रत्येक कोपऱ्यात एकेक. लॅटिनमध्ये कुत्र्याला 'कॅनिस' म्हणतात त्यावरून हे नाव आले, आणि फाडण्याच्या या कामात श्वानजातीची बरोबरी मनुष्याला कधी करता आली नाही, हे मान्य करूनही नाव अन्वर्थक आहे असेच म्हटले पाहिजे. मनुष्याच्या मुखातील सर्व दातांत सुळ्याचे मूळ सर्वांत लांब असते, त्यामुळे बाकीची मंडळी रजा घेऊन गेल्यावरही पुष्कळ वृद्धांच्या तोंडात एखाददुसरा सुळा आपल्या जागेवर पाय रोवून उभा राहिलेला आढळतो. वरच्या सुळ्यांना बोलीभाषेत 'आय टूथ' असेही म्हणतात, कारण ते डोळ्यांच्या रेषेत खाली येतात. सर्पाच्या विषारी दातासाठी व हिंस्र पशूच्या सुळ्यासाठी 'फँग' हा शब्द योजावा, आणि मुखाबाहेर आलेल्या दातास 'टस्क' म्हणावे. मात्र हत्तीच्या ज्या दाताला आपण बिनदिक्कत सुळा म्हणतो तो शास्त्रदृष्ट्या अतोनात वाढलेला वरचा इन्सायझर असून रानडुकराचा सुळा तेवढा खरोखरीचा केनाइन आहे, ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आता फुटाणे. सुळ्याच्या मागे जे काही आहे त्या सर्वांना दाढ म्हणून मोकळे होण्याची आपली सवय इंग्रजीत चालत नाही, आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. सुळ्याला लागून प्रत्येक बाजूस दोन, याप्रमाणे जे आठ दात असतात ते 'प्रीमोलर', ज्यांना आपली पाठ्यपुस्तके उपदाढा म्हणतात. त्यांच्या मागे प्रत्येक बाजूस तीन, याप्रमाणे बारा दात येतात ते 'मोलर', म्हणजे खऱ्या दाढा. प्रीमोलरच्या माथ्यावर बहुधा दोन टेकाडे असतात, म्हणून अमेरिकेतील दंतवैद्य त्यांना 'बायकस्पिड' म्हणतात. 'कस्प' म्हणजे दाताच्या माथ्यावरील असे टोक किंवा टेकाड. मोलरवर अशी चार किंवा पाच टेकाडे असून त्यांच्यामध्ये खोलगट चरे असतात. फुटाणा प्रथम प्रीमोलरखाली जातो व तेथे 'क्रश' होतो, म्हणजे त्याची डाळ होऊन ती फुटते. मग जीभ व गाल मिळून तो माल मागे ढकलतात आणि मोलर त्याचे पीठ करतात. या वेळी गालावर तळहात ठेवून पाहावे: लचका तोडताना केवळ वर-खाली होणारा खालचा जबडा आता आडवा सरकू लागला आहे असे स्पष्ट जाणवते, आणि दळणे व कापणे या दोन क्रियांतील भेद कोणत्याही तक्त्यावाचून उमगतो. जात्याच्या दगडाला लॅटिनमध्ये 'मोला' म्हणतात हे कळल्यावर 'मोलर' हे नाव निराळे पाठ करण्याची गरजच उरत नाही; फक्त त्याचा शेवट एआर या अक्षरांनी होतो, ईआर या अक्षरांनी नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. रसायनशास्त्रात भेटणाऱ्या त्याच रूपाच्या शब्दाचा दाढेशी काहीही संबंध नाही.

दळण्याचे काम मागच्याच दातांकडे का आले, याचेही उत्तर शरीररचनेत आहे. सुपारी फोडताना आपण ती अडकित्त्याच्या टोकाशी न धरता सांध्याच्या जवळ धरतो, कारण तेथे जोर अधिक मिळतो. जबड्याचा सांधा कानाच्या पुढे असून मोलर त्याच्या सर्वांत निकट असल्यामुळे कठीण पदार्थ निसर्गतःच त्यांच्या हवाली होतो. हा भार पेलण्यासाठी त्यांची मुळेही अनेक असतात, खालच्या मोलरला बहुधा दोन व वरच्यास तीन. इन्सायझर व केनाइन यांना मात्र एकाच मुळावर भागवावे लागते.

तिसऱ्या मोलरला लोकव्यवहारात 'विज्डम टूथ' म्हणतात. आपली अक्कलदाढ म्हणजे अरबी 'अक्ल' या शब्दाची फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली दाढ होय. अरबी व फारसी भाषांतही या दाताचे नाव बुद्धीवरूनच पडले आहे, तेव्हा सतरा ते पंचवीस या वयात उगवणाऱ्या दाताचा शहाणपणाशी संबंध जोडण्याचा मोह अनेक देशांतील लोकांना झालेला दिसतो. कित्येकांना ती सर्वच्या सर्व येत नाही, म्हणून अठ्ठावीस दातांचा प्रौढ मनुष्य हा काही अपवाद मानण्याचे कारण नाही. जागेअभावी हाडात किंवा हिरडीत अडकून पडलेल्या दाढेला 'इम्पॅक्टेड' म्हणतात, आणि तरुण वयात दंतवैद्याच्या कागदावर हा शब्द दिसला तर तो बहुधा याच दाढेविषयी असतो.

लहान मुलांचा हिशेब निराळा आहे, आणि पालकांनी या भागाकडे विशेष लक्ष पुरवावे अशी माझी सूचना आहे. दुधाच्या दातांना 'मिल्क टीथ' म्हणतात, अमेरिकेत 'बेबी टीथ' हा शब्द अधिक रूढ आहे, आणि शास्त्रीय ग्रंथांत 'डेसिड्युअस' हे विशेषण येते, जे पानगळीच्या वृक्षांसही लावले जाते. साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास खालच्या मधल्या इन्सायझरपासून आरंभ होऊन अडीच-तीन वर्षांच्या वयापर्यंत हे वीस दात येतात. दात येण्याच्या या त्रासाला 'टीदिंग' म्हणतात. वीस दातांत आठ इन्सायझर, चार केनाइन व आठ मोलर असतात, प्रीमोलर एकही नसतो. पुढे दहा ते बारा या वयात दुधाचे मोलर पडतात आणि त्यांच्या जागी येतात ते प्रीमोलर. म्हणजे पहिला हुद्देदार मोलर होता व त्याच्या जागेवर रुजू होणारा प्रीमोलर आहे, ही विसंगती ज्याला एकदा समजली त्याला परीक्षेतील आकड्यांची भीती राहत नाही. कायमच्या बारा मोलरच्या आधी त्या जागी दुधाचा दात असा नसतोच, आणि वीस व बारा मिळून बत्तीस होतात. एकदा दुधाचा व एकदा कायमचा असा दुबार जन्म घेणाऱ्या दातास संस्कृत भाषेने द्विज म्हटले ते याच निरीक्षणावरून. पण दाढेला कोणत्याही वयात ते बिरुद लावता येत नाही, कारण दुधाच्या दाढेच्या जागी उपदाढ येते व कायमची दाढ एकदाच जन्मते.

पहिला कायमचा मोलर सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे मुकाट्याने उगवतो. कोणताही दात पडलेला नसल्यामुळे घरातील कोणाच्या ते ध्यानात येत नाही, आणि आला तोही दुधाचाच असेल, पडेल व दुसरा येईल, अशा समजुतीने त्याच्या किडीची हेळसांड केली जाते. इंग्रजीत त्याला 'सिक्स-इयर मोलर' असे सोयीचे नाव आहे. मुलाच्या सहाव्या वाढदिवसापासून हा शब्द घरात बोलण्यात ठेवावा व घासणीचे टोक तेथवर पोचते की नाही हे रोज पाहावे; हा दात गमावला तर त्याच्या जागी दुसरा येत नाही.

दाताच्या अंगोपांगांची नावे थोडक्यात आटोपतो. हिरडीच्या वर दिसणारा भाग 'क्राउन', हिरडीजवळचा निमुळता भाग 'नेक', व हाडात रुतलेला भाग 'रूट'. क्राउनवरील शुभ्र कवच म्हणजे 'एनॅमल'. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच, पण त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा झिजला की भरून येत नाही. त्याच्या आत 'डेन्टीन' व गाभ्यात 'पल्प', जेथे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. कीड तेथवर पोचली की रात्रीची झोप जाते. हिरडी म्हणजे 'गम', जो डिंकालाही लावला जाणारा शब्द आहे. दंतवैद्य किडलेल्या दातावर टोपी बसवतो तिलाही 'क्राउन'च म्हणतात, हे विसरल्यास कागदाचा मजकूर लागत नाही. आपण चांदी किंवा सिमेंट भरले म्हणतो ते 'फिलिंग', कवळी म्हणजे 'डेंचर', आणि दात सरळ करण्यासाठी लावतात त्या तारांना 'ब्रेसेस' म्हणतात.

दातांचे एक काम पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितलेले असते, ते म्हणजे उच्चार. त, थ, द, ध या वर्णांना आपल्या व्याकरणकारांनी दंत्य म्हटले आहे, इंग्रजीत त्यालाच 'डेंटल' म्हणतात. आणि इंग्रजीतील एफ व व्ही या अक्षरांचे शुद्ध उच्चार वरचे इन्सायझर खालच्या ओठावर टेकल्याशिवाय होत नाहीत. पुढचे दात पडलेल्या मुलाला 'फाइव्ह' म्हणताना फुंकर का मारावी लागते, हे आता सांगणे नलगे.

तक्रार सांगण्याची भाषा मात्र अगदी साधी ठेवावी. परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांवर हा प्रसंग वारंवार येतो, आणि ते शब्दकोशातील 'मोलर' शोधत बसतात. वस्तुतः इंग्रज मनुष्य स्वतः 'माझा मागचा दात दुखतो' असेच म्हणतो, म्हणजे 'वन ऑफ माय बॅक टीथ हर्ट्स', अथवा नुसते 'आय हॅव अ टूथएक'. 'माय टूथ इज पेनिंग' हे वाक्य आपल्या देशाबाहेर कानाला खटकते. वेदनेचा प्रकार सांगता आला तर निदान लवकर होते: सणक म्हणजे 'शार्प पेन', ठणका किंवा ठसठस म्हणजे 'थ्रॉबिंग पेन', सतत मंद दुखणे म्हणजे 'डल एक', आणि गार पाण्याने शिवशिवणाऱ्या दातास 'सेन्सिटिव्ह' म्हणावे. दात हलतो हे 'द टूथ इज लूज', किडला हे 'इट हॅज अ कॅव्हिटी', आणि काढून टाकण्याच्या क्रियेस 'एक्स्ट्रॅक्शन'. चिंच-कैरीने दात आंबतात त्यासाठी मात्र दवाखान्यात जाण्याचे कारण नाही.

शेवटी आकड्यांविषयी, कारण दंतवैद्य नावाऐवजी पुष्कळदा क्रमांकच लिहितो. भारतात प्रचलित असलेल्या दोन अंकी पद्धतीत पहिला अंक बाजू दाखवतो: रुग्णाची स्वतःची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३ व खालची उजवी ४, दुसरा अंक मध्यापासून मागे मोजावयाचा, म्हणजे १ व २ इन्सायझर, ३ केनाइन, ४ व ५ प्रीमोलर, आणि ६, ७, ८ मोलर. याप्रमाणे ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूचा पहिला मोलर होतो. दुधाच्या दातांच्या बाजूंना ५ पासून ८ पर्यंत अंक दिलेले आहेत. अमेरिकेत मात्र वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून आरंभ करून ओळीने १ ते ३२ असे क्रमांक देतात, त्यामुळे तेथे हाच दात १९ होतो. खरा धोका १६ या आकड्यात आहे, कारण आपल्याकडे तो वरच्या उजव्या बाजूचा पहिला मोलर, तर अमेरिकेत वरच्या डाव्या बाजूची अक्कलदाढ. तेव्हा एका देशातील कागद घेऊन दुसऱ्या देशातील दवाखान्यात जाणाऱ्याने केवळ आकड्यावर विसंबू नये; दाताचे पूर्ण इंग्रजी नाव, वरचा की खालचा, उजवा की डावा, हे त्या कागदावर लिहवून घ्यावे, आरशात तो दात स्वतः ओळखावा, आणि दात काढण्याच्या संमतिपत्रावर त्यानंतरच सही करावी.